मार्क घसरले की आधी विचारा, डबा कोणासोबत खाते

मी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते, घरीच, हॉलमध्ये सतरंज्या टाकून, बरीच वर्षं झाली आता. दरवर्षी दिवाळीनंतर एक तरी आई येते आणि चप्पल काढता काढताच सांगायला लागते, बाई हिला काय झालंय कळत नाही, जूनमध्ये सगळं येत होतं आणि आता सोपं गणित पण चुकतंय, मोबाईल काढून घेतला तरी फरक नाही. पूर्वी मी लगेच वही मागायचे. आता वही नंतर बघते, आधी पोरीला बाजूला घेऊन विचारते की मधल्या सुट्टीत डबा कुठे बसून खातेस.

नववीतली एक मुलगी म्हणाली, वर्गातच, बेंचवर. कोणासोबत? तर गप्प. दोन आठवड्यांनी हळूहळू कळलं की पाच जणींचा जो ग्रुप होता त्यातल्या चौघींनी व्हॉट्सअॅपवर नवीन ग्रुप काढला होता हिला सोडून. जुना ग्रुप तसाच होता, हिला कोणी काढलं नव्हतं, फक्त त्यावर आता कोणी काही टाकत नव्हतं. म्हणजे भांडण नाही, शिवी नाही, तक्रार करावी असं काहीच नाही, आणि पोरगी रोज तो गप्प झालेला ग्रुप उघडून बघत होती. आईला वाटत होतं एकाग्रता कमी झालीये, ती ब्राह्मीचं सिरप देत होती.

तर हे मी आईवडिलांसाठी आणि माझ्यासारख्या क्लास घेणाऱ्यांसाठी लिहितेय, की बरोबरीच्या पोरांमध्ये मुलाची जागा हलली की त्याचं डोकं कसं चालतं, ते ओळखायचं कसं आणि मग करायचं काय.

आधी बघा नक्की काय बिघडलंय

सगळं बिघडलंय असं म्हणू नका, नीट बघा. पाढे येतात का, सूत्र येतं का, व्याख्या म्हणून दाखवते का? हे सगळं येत असेल आणि फक्त शाब्दिक उदाहरणं, भूमितीची सिद्धता, उतारा वाचून उत्तरं, म्हणजे जिथे दोन-तीन गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवायला लागतात तेवढंच कोसळलं असेल, तर माझे कान टवकारतात. कारण हा फरक प्रयोगात पण दिसलेला आहे. 2002 साली रॉय बाउमायस्टर, जीन ट्वेंगी आणि त्यांच्या सहकाऱ्याने अमेरिकेत कॉलेजच्या मुलांची एक व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि काही जणांना निकाल म्हणून खोटंच सांगितलं की पुढे आयुष्यात तू एकटा पडणार, काहींना सांगितलं की तुझे पुढे खूप अपघात होतील, हातपाय मोडतील. मग बुद्धिमत्तेची चाचणी दिली. एकटा पडणार असं ऐकलेल्यांचे तर्काचे प्रश्न जास्त चुकले, पण साधं पाठांतर नीट राहिलं, आणि अपघाताचं ऐकलेल्यांना असा फटका बसलाच नाही. शेवटी सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं. म्हणजे नुसती वाईट बातमी डोक्याला अडवत नाही, आपल्याला कोणी सोबत घेणार नाही ही बातमी अडवते.

मी पालकांना हे समजावताना पेपरातलं कच्चं काम आठवायला सांगते. उत्तरपत्रिकेच्या उजव्या बाजूला रेघ मारून आपण जी पट्टी ठेवतो ना, हातचा लिहायला, गुणाकार करून बघायला, तशी एक पट्टी डोक्यात पण असते आणि ती अगदी अरुंद असते. शाब्दिक उदाहरण सोडवताना तिथे आकडे ठेवायचे असतात. आता त्या पट्टीवर आधीच लिहिलेलं असेल की ती मला बघून का हसली, सहलीला माझ्या शेजारी कोण बसणार, माझ्या स्टेटसला कोणीच का रिप्लाय दिला नाही, तर पोरीने आकडे ठेवायचे कुठे? पाढ्यांना ही पट्टी लागत नाही म्हणून पाढे वाचतात.

यात वयाचा पण भाग आहे. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या टीमने मुलींना कॉम्प्युटरवर चेंडूफेकीचा एक खेळ खेळायला लावला, त्यात दोघे आपसात चेंडू फेकत राहतात आणि तिसऱ्याला देतच नाहीत. त्यानंतर स्मरणाची चाचणी घेतली तर 10 ते 14 वयाच्या मुलींची कामगिरी खाली आली, मोठ्या मुलींची आणि बायकांची तशी आली नाही. 2019 चा अभ्यास आहे हा. म्हणून "आमच्या वेळी पण व्हायचं हे, आम्ही कुठे नापास झालो" असं जे आपण बोलतो ते बोलू नका प्लीज, आपण आत्ताच्या डोक्याने आठवतोय ते.

त्या चेंडूफेकीच्या खेळाची गोष्ट मला फार जवळची वाटते. किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एकदा पार्कमध्ये बसले होते, एक फ्रिस्बी येऊन त्यांना लागली, त्यांनी ती परत फेकली, खेळणाऱ्या दोघांनी त्यांच्याकडे पुन्हा टाकली, असं थोडा वेळ चाललं आणि मग त्या दोघांनी काही न बोलता त्यांच्याकडे टाकणं बंद केलं. अनोळखी माणसं, पुन्हा भेटणार पण नाहीत, तरी त्यांना एवढं लागलं की पुढे त्यावरून त्यांनी हा प्रयोगच तयार केला. 2004 मध्ये त्यांनी हे पण दाखवलं की समोर माणूस नाही, कॉम्प्युटरच फेकतोय असं आधी सांगितलं तरी वगळलं गेल्याचं वाईट वाटतंच. मग रोज ज्यांच्यासोबत एका वर्गात सहा तास बसायचं त्या पोरींनी चेंडू देणं थांबवलं तर काय होत असेल.

आपल्याकडे यासाठी शब्द आहेतच. कच्चा लिंबू. खेळात घेतलं तर आहे पण आऊट झालं तरी कोणी मोजत नाही. लहानपणी ती सवलत असते, तेराव्या वर्षी कोणी तसं वागवलं की ती शिक्षा होते. आणि वाळीत टाकणं. मोठ्यांना वाळीत टाकणं आपल्या राज्यात 2016 च्या कायद्याने गुन्हा आहे, पोरांमधलं वाळीत टाकणं मात्र आपण "आपसात बघून घ्या" म्हणून सोडून देतो.

एक मात्र नक्की करा, दुसरी कारणं आधी तपासा. चष्म्याचा नंबर, झोप, मुलींमध्ये रक्त कमी असणं, घरातलं काही टेन्शन. माझ्याकडे एका मुलाचं सगळं मित्रांमुळेच असेल असं मी धरून चालले होते आणि त्याला फळाच दिसत नव्हता.

विचारायचं कसं

"शाळेत कोणी त्रास देतं का" हा प्रश्न विचारू नका, उत्तर "नाही" येतं आणि ते खरंही असतं, कारण त्रास कोणी देतच नसतं, फक्त कोणी बोलत नसतं. जागेचे प्रश्न विचारा. डबा कुठे? पीटीला जोडीला कोण? तू गैरहजर असलीस तर वही कोणाकडून घेतेस? शाळा सुटल्यावर गेटपर्यंत कोणासोबत चालतेस? वर्गात गट पाडा म्हटलं की तुला कोण बोलावतं? हे एका दमात विचारू नका, चौकशी वाटते. भाजी निवडताना, गाडीवर मागे बसलेली असताना, एकेक.

मी कधी कधी कागद देते आणि वर्ग काढायला सांगते, गोल गोल काढून, कोण कोणाशी बोलतं त्याच्या रेघा मार. हे काही माझं डोकं नाही, जेकब मोरेनो यांनी 1930 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या मुलींच्या एका संस्थेत असे नकाशे काढले होते. पोरं हे फार मन लावून करतात आणि त्यांना वर्गाचा नकाशा आपल्यापेक्षा कितीतरी नीट माहीत असतो. स्वतःचा गोल ती कुठे काढते, किती लहान काढते, सगळ्यात शेवटी काढते का, तेवढं बघा. कागद तिला परत द्या, भावाला किंवा बाबांना दाखवू नका.

आवडता वेगळा, भारी वेगळा

पालक इथे फार गोंधळतात, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याला वाटतं पॉप्युलर म्हणजे एकच प्रकार. 1982 मध्ये जॉन कोई आणि केनेथ डॉज यांनी मुलांना दोनच प्रश्न विचारले, वर्गात तुला सगळ्यात जास्त कोण आवडतं आणि सगळ्यात कमी कोण आवडतं. त्यावरून गट पडले, सगळ्यांना आवडणारे, कोणालाच नको असलेले, कोणाच्या लक्षातच न येणारे, अर्ध्यांना आवडणारे आणि अर्ध्यांना न आवडणारे, आणि बाकी मधले. पुढे लोकांनी विचारायला सुरुवात केली की वर्गात भारी कोण, आणि तिथे नावं बदलली. ज्याच्या बुटांची चर्चा होते, ज्याच्या मागे चार जण फिरतात, ज्याला सगळे भाव देतात, तो आवडतोच असं नाही, कित्येकदा पोरं त्याला घाबरून असतात.

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जोसेफ अॅलन यांनी 184 मुलांना 13 व्या वर्षापासून 23 पर्यंत बघितलं. तेराव्या वर्षी जे लवकर मोठं झाल्यासारखं वागत होते, लवकर प्रेमप्रकरण, छोटे मोठे नियम मोडणं, दिसण्यावरून मित्र निवडणं, ते तेव्हा वर्गात वर होते, पण तेविसाव्या वर्षी त्यांच्यातच दारू, ड्रग्ज, गुन्हे आणि नाती टिकवण्याच्या अडचणी जास्त दिसल्या. म्हणून "माझ्या मुलाला पॉप्युलर कसं करू" असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, कुठल्या अर्थाने.

आवडतं होण्याचा संबंध डोक्याशी आहे, पण मार्कांच्या डोक्याशी नाही तेवढा. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखता येणं, ते एक डोकं असतं. 2015 मध्ये एका टीमने 20 अभ्यास, दोन हजारांहून जास्त मुलं, एकत्र करून बघितली तर ज्यांना हे जमतं ती मुलं बरोबरीच्यांना थोडी जास्त आवडतात असं निघालं. थोडी, फार नाही, आणि ती मुलं दहा वर्षांच्या आतली होती, त्यामुळे याचा बाऊ करू नका. पण माझ्या सतरंजीवर मला हे दिसतं, आणि दोन्ही बाजूंनी दिसतं. ज्याला कोणी खेळात घेत नाही त्याला माणसं वाचायची प्रॅक्टिसच मिळत नाही, मग तो अजून चुकीचं बोलतो, मग अजून कोणी घेत नाही.

याची प्रॅक्टिस घरी करता येते, लेक्चर न देता. मालिका बघताना विचारा, ही आता गप्प का झाली असेल? तिला काय वाटलं असेल की याला माहितीये? शेजारच्या काकू आल्या आणि लवकर उठून गेल्या, का बरं? आणि चालू असलेल्या घोळक्यात शिरायचं कसं हे सरळ शिकवा. 1981 मध्ये लहान मुलांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की न आवडणारी मुलं आल्या आल्या स्वतःबद्दल बोलतात, प्रश्न विचारून खेळ थांबवतात, नाहीतर चूक काढतात, आणि आवडणारी मुलं जे चाललंय त्यातच मिसळतात. मी पोरांना सांगते, जाऊन उभं राहा, दोन मिनिटं ऐक, विषय काय आहे ते कळू दे, मग त्याच विषयावर एक वाक्य बोल. क्रिकेट चालू असेल तर बॉल आणून दे. हुशार मुलांना हे जास्त सांगावं लागतं, ती आल्या आल्या दुसऱ्याचं चुकलेलं दुरुस्त करतात.

एक मैत्रीण पुरते

सगळ्या ग्रुपने परत घ्यावं म्हणून धडपडू नका. बाकीच्या आयांना फोन करून "तुमच्या मुलीला सांगा ना हिच्याशी बोलायला" हे तर अजिबात नको, दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचं काय होतं ते मी ऐकलेलं आहे. एक शोधा. जिच्याशी दोन्हीकडून मैत्री आहे अशी एक जरी असली तरी त्रासाचे परिणाम कमी होतात हे अभ्यासांत दिसलंय. सोलोमन अॅश यांच्या 1950 च्या दशकातल्या प्रयोगांत समोरच्या रेघेएवढी रेघ कोणती असं विचारलं की सगळा गट मुद्दाम चुकीचीच दाखवायचा आणि मोठी माणसं पण त्यांच्या मागे जायची, पण गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं की मागे जाणारे एकदम कमी व्हायचे. एकाची सोबत असली की माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

त्या नववीतल्या मुलीला मी दुसऱ्या शाळेतल्या एका मुलीशेजारी बसवायला लागले, तिला पण कोणी नव्हतं. मैत्री करा असं बोलले नाही, दोघींना मिळून एकच पुस्तक दिलं आणि रोज एक उदाहरण एकमेकींना समजावून सांगायला लावलं. शाळेतला ग्रुप परत आला नाही, तो आला असता तर गोष्ट छान झाली असती पण नाही आला. शाब्दिक उदाहरणं मात्र जानेवारीपर्यंत बरीचशी सुटायला लागली.

पेपरच्या दिवशीसाठी एक साधी गोष्ट. पेपरच्या आधी दहा मिनिटं, मनात जी भीती, काळजी चालू आहे ती कागदावर लिहून काढायची, शुद्धलेखन नाही, कोणी वाचणार नाही, लिहून फाडून टाकायचं. शिकागोच्या सियान बायलॉक आणि जेरार्डो रामिरेझ यांनी 2011 मध्ये हे दाखवलं, त्यात नववीची मुलं पण होती बायोलॉजीच्या परीक्षेच्या आधीची, आणि ज्यांना परीक्षेची जास्त धास्ती होती त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. कच्च्या कामाची पट्टी पुसून घ्यायची पेपरच्या आधी, एवढंच. माझ्याकडे चाचणीच्या दिवशी मी दहा मिनिटं आधी बोलावते यासाठी. आणि अभ्यासाला बसायच्या अर्धा तास आधी फोन दुसऱ्या खोलीत, कारण शेवटचा वाचलेला मेसेज पट्टीवर राहतो.

क्लास आणि शाळावाल्यांसाठी

हे मी कळकळीने लिहितेय कारण यातलं बरंच मी स्वतः चुकीचं केलंय. मार्क मोठ्याने वाचून दाखवायचे, तेही चढत्या क्रमाने, म्हणजे पहिलं नाव आलं की सगळ्यांना कळायचं ढ कोण. "कोणाला समजलं नाही, हात वर करा" असं विचारायचे आणि हात वर आला नाही की पुढे जायचे. लॉस एंजेलिसच्या शाळांमध्ये लिओनार्डो बर्श्टिन आणि रॉबर्ट जेन्सन यांनी परीक्षेच्या तयारीच्या फुकट कोर्सचे फॉर्म वाटले, काहींवर लिहिलं होतं की तू नाव दिलंस हे वर्गातल्यांना कळणार नाही, काहींवर होतं की कळेल. साध्या तुकड्यांमध्ये, कळेल म्हटल्यावर नाव देणारे शंभरामागे 11 ने कमी झाले. हुशार तुकड्यांमध्ये फरक पडला नाही. फुकट मिळणारी मदत पोरं सोडून देतात बघा, फक्त कोणी बघू नये म्हणून. आता मी प्रत्येकाला चिठ्ठी देते, न समजलेल्या उदाहरणाचा नंबर लिहायचा, नाव नाही, घडी करून डब्यात टाकायची. पहिल्याच दिवशी डबा भरला होता.

आणि जात. हे लिहायलाच हवं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना, 321 उच्च जातींची आणि 321 दलित, कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले, जेवढे सुटतील तेवढे पैसे. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोघांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशीच, भूलभुलैये तेच. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागलं हे आपण सगळे शाळेत वाचतो, आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना वर्गात उभं करून मोठ्याने जात विचारणारे शिक्षक मी या डोळ्यांनी पाहिलेत. फॉर्म घरी पाठवा, नाहीतर एकेकाला टेबलाजवळ बोलावून हळू विचारा. याला एक रुपया खर्च नाही.

गडी निवडायचं काम पण पोरांकडे देऊ नका. दोन कॅप्टन उभे करून आळीपाळीने नावं घ्यायला लावली की शेवटी जो उरतो त्याला रोज कळतं आपण उरलो. तुम्ही चिठ्ठ्या टाका. गट पाडून शिकवायचं असेल तर इलियट अॅरन्सन यांनी 1971 मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये काढलेली पद्धत वापरून बघा, तिथे तेव्हा काळी-गोरी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वातावरण फार तापलेलं होतं. इतिहासाचा धडा घ्या, पाच तुकडे करा, पाच जणांच्या गटात प्रत्येकाला एकच तुकडा द्या. मग सगळ्या गटांतली एकच तुकडा मिळालेली मुलं एकत्र बसून तो तुकडा पक्का करतात, परत आपल्या गटात येतात आणि बाकी चौघांना शिकवतात. चाचणी सगळ्या धड्यावर. ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याच्याकडे पण पाचवा तुकडा असतो, त्याचं ऐकल्याशिवाय पेपर सुटत नाही. मी गणितात एका मोठ्या उदाहरणाच्या पायऱ्या वाटून करते, पहिले दोन-तीन वेळा गोंधळ होतो, चालू ठेवा.

चिडवाचिडवी थांबवायला मॉनिटर नेमताना बाईंची लाडकी पोरं नेमू नका, ज्यांच्याकडे बाकी पोरं बघतात ती घ्या, मागच्या बाकावरची पण. न्यू जर्सीत 56 शाळांमध्ये 2016 मध्ये छापलेला प्रयोग झाला होता, काही मुलांना निवडून भांडणांविरुद्ध त्यांच्याच पद्धतीने बोलायला लावलं, तक्रारी 30 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि निवडलेल्यांमध्ये अशी पोरांवर छाप असलेली मुलं जास्त होती तिथे परिणाम जास्त दिसला.

ज्यांचं मूल वरच्या जागी आहे त्यांनी पण निवांत बसू नका. 2005 मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 306 जणांना गाडी चालवायचा व्हिडिओ गेम दिला, मित्र बघत असताना 13 ते 16 ची मुलं एकटी असतानापेक्षा खूप जास्त धोका पत्करत होती, 24 च्या पुढच्या मोठ्यांमध्ये हा फरक जवळपास नव्हता. तेव्हा बाईकची, सहलीची, पैसे काढायची गोष्ट मित्रांच्या समोर विचारून हो-नाही घेऊ नका, घरी एकटा असताना बोला. तो वेगळाच मुलगा असल्यासारखं बोलतो.

मारहाण, फोटो पसरवणं, पैसे मागणं, किंवा मूल जगण्याबद्दलच नको ते बोलायला लागलं, तर वरचं काही करत बसू नका. शाळेत लेखी द्या, चाइल्डलाइन 1098 आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416 आहे, दोन्ही फुकट.

आणि वर्षातले काही आठवडे कॅलेंडरवर खूण करून ठेवा. जूनमध्ये तुकड्या बदलतात तो, गॅदरिंगच्या डान्सचे ग्रुप ठरतात तो, आणि सहलीचा. सहलीच्या दोन दिवस आधी विचारा, बसमध्ये शेजारी कोण. नाव लगेच आलं तर ठीक. थांबली, विषय बदलला, किंवा मला जायचंच नाही म्हणाली, तर पैसे परत मागायची घाई करू नका, वर्गशिक्षिकेला एक मेसेज करा की सीट तुम्ही लावून द्याल का, आणि डब्यात दोघींना पुरेल एवढं द्या.